“चांगला हात बांधून ठेवा” हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

पुण्यातल्या पालकांमध्ये परत तोच मेसेज फिरतोय, की हेमिप्लेजिया (म्हणजे शरीराची एकच बाजू कमजोर) असलेल्या मुलाचा चांगला हात दिवसभर बांधून ठेवा, कमजोर हात रोज तेलाने चोळा, पाच वर्षांच्या आत जमलं तर जमलं नाहीतर संपलं, आणि नाही जमलं तर आईच कमी पडली. माझ्या मुलीला डाव्या बाजूचा हेमिप्लेजिया आहे, आमची बरीचशी थेरपी कोथरूडला घरातच चालते, त्यामुळे हे वाचून खरंच जीव जळला.

हात बांधायचं आधी. मुळात थेरपी खरी आहे, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या कामातून आलेली. मुलं सगळं सोप्या हातानेच उरकतात आणि दुसरा वापरायचाच सोडून देतात, म्हणून चांगल्या हाताला मऊ ग्लोव्ह घालून, ठरावीक तास, काही आठवडे, कमजोर हाताला खेळातून कामाला लावायचं, तेही थेरपिस्टच्या देखरेखीत. ओढणीने हात अंगाशी बांधलात आणि पोर पडलं तर सावरणार कशाने? यातल्या बऱ्याच मुलांचा तोल आधीच कच्चा असतो हो! शिवाय दोन्ही हातांनी मिळून करायचं ट्रेनिंग तेवढेच तास दिलं तर फायदा साधारण तेवढाच होतो. आमच्याकडे तुळशीबागेतल्या भातुकलीचा डबा आहे, डाव्या हाताने धरायचा आणि उजव्याने झाकण काढायचं. तिचा डावा अंगठा तळहातात मुडपतो, म्हणून ओटी मॅडमनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं करायला शिकवतात त्या) आधी रुंद डबा दिला, खाली ओला नॅपकिन घालायला सांगितला म्हणजे घसरत नाही, आणि अंगठा बाहेर यायला लागल्यावर मग हा छोटा.

तेल लावा की, मुलाला बरं वाटतं. पण आपण हात हलवून दिल्याने मूल हात वापरायला शिकत नाही, ते त्याने स्वतः करावं लागतं.

पाच वर्षांचं म्हणाल तर लवकर सुरू केलेलं चांगलंच, अगदी तान्ह्या बाळांपासून करतात. पण शाळकरी आणि टीनएज मुलांचेही हात थेरपीने सुधारलेत, तसे अभ्यास आहेत, मग दहा वर्षांच्या मुलाच्या आईला “आता उशीर झाला” कशाला सांगायचं?

आणि आईचा दोष, याचाच मला सगळ्यात राग येतो. हेमिप्लेजिया मेंदूला झालेल्या इजेमुळे होतो, कितीतरी बाळांना पोटात असताना किंवा जन्माच्या आसपास स्ट्रोक आलेला असतो, आणि इजा कुठे आणि किती यावर खूप काही ठरतं. सारखीच मेहनत करून एकाचा हात जास्त सुधारतो, एकाचा कमी. 2013 मध्ये संशोधक आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सीपीवरच्या (सेरेब्रल पाल्सी, मुलांमधला हेमिप्लेजिया बहुतेकदा याचाच प्रकार) उपचारांचा मोठा आढावा घेतला, त्यात उपयोगी ठरलेल्या गोष्टींत होम प्रोग्रामही आहे, पण होम प्रोग्राम म्हणजे सगळं आईच्या गळ्यात टाकणं नव्हे. ध्येय घरच्यांनी आणि मुलाने ठरवायचं, थेरपिस्टने शिकवायचं, अधूनमधून बघून बदलायचं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन मी डबा काढला की लेक कधीकधी म्हणते, “आज तू मॅडम नको ना होऊस”, त्या दिवशी मी डबा ठेवून देते. रविवारी बाबा तिच्यासोबत मटार सोलायला बसतो. सध्याचं ध्येय तिनेच ठरवलंय, दप्तराची चेन कुणाची मदत न घेता लावायची.