ई-पुस्तक विकण्याआधी एकदा उघडून तरी बघा!

मराठी ई-पुस्तक विक्रीला लावण्याआधी प्रकाशनातलं एक तरी माणूस ते रीडरवर उघडून वाचतं का? नाहीच वाचत. वाचलं असतं तर पहिल्या दोन पानांतच 'परिसि्थती' दिसली असती, 'कार्यकर्ता'चा 'कायर्कतार्' झालेला दिसला असता.

हे कशामुळे होतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मजकूर जुन्या, नॉन-युनिकोड फॉण्टमध्ये टाइप केलेला असतो. (युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामायिक सांकेतिक पद्धत.) त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे कागदावर दिसतो तसा क्रम. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर साधी अक्षरं निभावून नेतो, पण जोडाक्षर आलं की वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. म्हणजे कन्व्हर्ट केल्यावर मुद्रितशोधन हवंच. छापील पुस्तकाची प्रुफं पुन्हा पुन्हा तपासणारे लोक ई-बुकच्या वेळी कुठे जातात?

मग ते निस्तरायचं कुणी? वाचकाने. डीआरएम, म्हणजे फाइलची नक्कल आणि बदल रोखणारं कुलूप, नसलेलं ईपब (ई-पुस्तकाची फाइल) कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावं, तर आत प्रत्येक ओळ म्हणजे स्वतंत्र परिच्छेद. पीडीएफमधून उचलली आणि ओतली! ऐन संवादात मध्येच '१४७' हा छापील पानाचा आकडा आणि त्याखाली पुस्तकाचं नाव. हे आकडे रेगेक्सने, म्हणजे ठरावीक नमुना शोधून, एकदम काढायला जावं तर मजकुरातले सनही उडतात. अनुक्रमणिकेत ठिपक्यांच्या रांगा आणि छापील पानांचे क्रमांक. प्रकरणावर बोट ठेवलं तर काहीही होत नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते 'र'पायी. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', पानोपानी. युनिकोडमध्ये यासाठी 'ऱ' आहे, तो कुणी वापरायचा? बरं, सरसकट बदलावं तर 'सूर्या', 'कार्या' यांची वाट लागते. कोकणातल्या कथेत 'दर्या'ही असतो आणि 'दऱ्या'ही. कुठे समुद्र आणि कुठे डोंगरातली दरी, ते एकेक वाक्य वाचून ठरवायचं. तेसुद्धा रात्री, कामावरून आल्यावर, जेव्हा निवांत वाचत पडायचं असतं तेव्हा.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ॲप अपडेट करा, फॉण्ट बदलून बघा. अहो, फाइलमध्येच अक्षरं उलटसुलट आहेत, फॉण्ट काय करणार त्याला?

आणि सगळ्यात मोठा अन्याय पुढेच आहे. कॉपीराइट संपलेल्या, फुकट मिळणाऱ्या जुन्या पुस्तकाची साफसफाई मला निदान करता तरी येते. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाला डीआरएमचं कुलूप! त्यात 'वर्ष'चं 'वषर्' शेवटच्या पानापर्यंत बघत राहायचं, एक अक्षर हलवायची सोय नाही. दुरुस्त केलेली फाइल जुन्या फाइलच्या जागी चढवता येते, आधी घेतलेल्यांनाही पोचवता येते. मग चढवा ना! आमचे पैसे कधीच घेऊन झालेत.