पोर अंगणवाडीत घालायचंय? मग या टिप्स वाचाच

घरकामाला येणाऱ्या बाईच्या पोरांना अंगणवाडीत घालून द्यावं अशी सुरसुरी तुम्हालाही आली असेल तर जरा थांबा. मी गोव्यात फोंड्याकडच्या एका अंगणवाडीतून परवाच शहाणा होऊन आलोय.

आधी पोरांच्या बापाला कामावरून घरी बसवा. आधारचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो आणि तो वेर्ण्याला साइटवर असतो.

आईला चेहरा सांभाळायला सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार चेहरा जुळल्याशिवाय मिळत नाही, पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप आहे. आता आधारचा फोटो लग्नाआधीचा, त्यानंतर दोन बाळंतपणं आणि लोकांच्या घरची भांडी, गाल राहतील कुठून? सेविका म्हणते उजेडात ये, पदर मागे घे, डोळे मिचकाव, मोबाईलवर ते गोल फिरतंय फिरतंय आणि शेवटी नापास. मग अंगणात, मग रस्त्यावर, तिथे रेंज आहे पण पाऊसही आहे, दीड वर्षाचं पोर कडेवर रडतंय, आहाराचं पाकीट समोर टेबलावर पडलंय, सेविका तिला नावाने हाक मारते म्हणजे ओळखते, फक्त मोबाईल ओळखत नाही! आणि आत तीन ते सहाची पोरं, ज्यांना शिकवायचं ती, मदतनीस बाईच्या गळ्यात, ती टोप बघणार की पोरं? २०२० च्या शैक्षणिक धोरणात ह्याच वयाला पाया म्हटलंय म्हणे.

भाषेचं टेन्शन नको. पोर कन्नड, सेविका कोंकणी, भिंतीवरचा तक्ता इंग्लिश.

चिडलात तर सेविकेवरच ओरडा, दुसरं कोणी तिथे नसतंच. तिला ग्रॅच्युइटी द्या हे सांगायलासुद्धा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं.

बास झालं. १९७५ पासून अंगणवाडीची योजना आहे, २०१३ च्या कायद्याने हा आहार हक्काचा केलाय, फुकट, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. आणि तुम्ही हो, घाटी आले घाटी आले म्हणून बोंबलता नि त्यांनीच बांधलेल्या फ्लॅटात एसी लावून झोपता, लाज कशी वाटत नाही? आणि सरकारी साहेब, आहाराची चोरी पकडायची तर गोदामात जा ना, आईच्या तोंडावर काय कॅमेरा मारताय? चेहरा जुळला नाही तर पाकीट आधी द्या, सही घ्या, अंगठा घ्या, मग तुमचं अ‍ॅप ऑफिसात बसून निस्तरा. त्या आईला पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. त्या दिवसाचा खाडा तुम्ही भरून देणार काय?