तीनशे चाळीस रुपयांचं रडू

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी रडलो. अगदी हमसून हमसून नाही. पण डोळे भरले, आवाज चिरकला आणि 'टाकी' हा शब्द माझ्या तोंडून 'टा' आणि 'की' अशा दोन हप्त्यांत बाहेर पडला. खजिनदार म्हणून मी हिशेब वाचत होतो. पाण्याच्या टाकीच्या सफाईतली ३४० रुपयांची पावती सापडत नव्हती. सहाव्या मजल्यावरचे अण्णा नेमके तिथेच उठले आणि म्हणाले, "हे तीनशे चाळीस गेले कुठे?"

अण्णांच्या आवाजात संशय होता असं म्हणवत नाही. ते वॉचमनला वेळही त्याच आवाजात विचारतात. पण तीन वर्षं रविवारच्या दुपारी जागून लिहिलेल्या वह्या, फुकटची खजिनदारी, पावत्या न देणारा प्लंबर, हे सगळं एकदम घशाशी आलं आणि तिथे जागा नसल्यामुळे डोळ्यांवाटे निघालं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले बावीस सभासद मान खाली घालून हातातल्या बटाटेवड्याचं निरीक्षण करू लागले. (आमच्याकडे वडा ठेवल्याशिवाय कोरम भरत नाही.)

पुढचे तीन आठवडे मी लिफ्ट वापरली नाही. राहतो पाचव्या मजल्यावर. पण लिफ्टमध्ये कोणी भेटलं आणि मान तिरकी करून "बरं आहे ना आता?" असं विचारलं तर? त्यापेक्षा जिना बरा. जिन्यात फक्त मीच भेटायचो, आणि तो इसम काही कमी नव्हता. पहिल्या मजल्यापर्यंत "मूर्खा", दुसऱ्यापर्यंत "नेभळटा", तिसऱ्यापर्यंत "बायकापोरांसमोर रडतोस?", चौथ्यावर धाप लागली की "आणि वर जाड्या!" आवाज माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा. मास्तरांना जाऊन किती तरी वर्षं झाली, पण माझ्या डोक्यात त्यांची नोकरी अजून चालू आहे.

"अहो," बायको एक दिवस म्हणाली, "गुडघ्याच्या वाट्या बदलायला किती पडतात ठाऊक आहे का? त्यापेक्षा एखाद्या समुपदेशक बाईंकडे जाऊन या."

बाई दादरला, फुलबाजाराच्या मागे एका जुन्या चाळवजा इमारतीत बसायच्या. मी सगळी हकीकत सांगितली, पावतीच्या तारखेसकट. त्यांनी एकच विचारलं. "रडू आलं त्याचा त्रास जास्त झाला, की रडू आल्याची लाज वाटली त्याचा?"

मी फोर्टात एका पतपेढीत कर्जखात्यावर आहे. चक्रवाढ व्याज मला तरी ओळखता यायला हवं होतं. मुद्दल ३४० रुपये. त्यावर रडू. रडण्याची लाज. लाज वाटते याचा राग. एवढ्याशा गोष्टीचा राग येतो म्हणून खंत. आणि खंत करत बसतो म्हणून पुन्हा मास्तर. थकबाकीदार मीच, वसुलीला येणाराही मीच.

मग त्यांनी अल्बर्ट एलिस काढले. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ. १९५५च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्या मुंबईचे कि. मो. फडके यांनी तिची मराठी वाचकांशी ओळख करून दिली. एलिस यांचं म्हणणं असं की, माणूस घटनेने तेवढा कोलमडत नाही, जेवढा त्या घटनेबद्दल मनात धरलेल्या हट्टाने कोलमडतो. हट्ट धरायला इंग्रजांना 'मस्ट' असा अख्खा शब्द लागतो. आपण एका अक्षरात काम उरकतो: च. हिशेब जुळलाच पाहिजे. मी खंबीर दिसलोच पाहिजे. अण्णांनी मान दिलाच पाहिजे. त्या रात्री मी माझ्या दिवसभराच्या वाक्यांतले 'च' मोजायला बसलो आणि झोप येईना म्हणून सोडून दिलं. झोप आलीच पाहिजे, हा त्यातला शेवटचा.

एलिस यांचं दुसरं म्हणणं मला जड गेलं. कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पावती हरवली, शून्य मार्क. पण हरवणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर लाल शेरा मारायचा नाही. वाईट वाटलं तर वाटू द्यायचं, स्वतःला वाईट ठरवायचं नाही. आता आमच्या पिढीला बारशापासून मार्क आहेत. रंगाचे वेगळे, नाकाचे वेगळे. परीक्षाच नाही म्हटल्यावर आम्ही भांबावतो.

गृहपाठ मिळाला. पहिला सोपा वाटला: जवळचा मित्र अशा प्रसंगात सापडला तर त्याला जे म्हणाल, ते स्वतःला म्हणायचं. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. माझ्या सगळ्यांत जवळच्या मित्राचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "चला, काढण्यासारखं काहीतरी निघालं तुझ्यात." तो खात्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. परदेशातली मैत्री वेगळी असावी. तरी आरशासमोर उभा राहिलो आणि मित्राच्या सुरात म्हणालो, "काय रे बैला, रडलास?" आणि एक गोष्ट लक्षात आली. बैल तर मास्तरही म्हणायचे. पण मित्र बैल म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात "चहा घेणार?" म्हणतो. माझ्या डोक्यातल्या मास्तरांनी इतक्या वर्षांत एकदाही चहाचं विचारलेलं नाही.

दुसरा गृहपाठ अंगाशी आला. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या संशोधक बाईंनी माणूस स्वतःशी किती मायेने वागतो हे मोजायला २००३ मध्ये २६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. (म्हणजे मार्क आलेच. मी बाईंना तसं म्हणालो, त्या हसल्या.) नेफबाईंच्या मते या मायेचे तीन भाग: स्वतःशी हळुवार बोलणं, जे वाटतंय त्यात वाहून न जाता त्याची नोंद घेणं, आणि हे भोग आपल्या एकट्याचे नाहीत, सगळ्या माणसांचे आहेत याचं भान. मन कासावीस झालं की छातीवर हात ठेवून तो स्पर्श जाणवू द्यायचा, असाही त्यांचा एक उपाय आहे.

मी तो सकाळच्या लोकलमध्ये केला. ऑफिसला उशीर होणार, साहेब बोलणार, असं मन कुरतडत होतं. भांडुपला दांडीवरचा एक हात काढून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"काका, दुखतंय का?"

"नाही, सहज," मी म्हणालो. पण घामेजलेला, डोळे मिटलेला, छाती धरलेला पन्नाशीचा माणूस सहज म्हणाला तर त्यावर कोण विश्वास ठेवील? "डावा हात जड वाटतोय?" "जागा द्या, जागा द्या!" "चेन ओढा!" "चेन नको, लेटमार्क लागेल, काकांना दादरला उतरवू!" कोणीतरी जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत कोंबली. आणि मला बसायला जागा मिळाली. नुसती जागा नव्हे, खिडकी! सकाळी खिडकी मिळावी म्हणून मुलुंडची माणसं आधी उलट ठाण्याला जातात. मला ती फुकट मिळाली. खरं सांगायचं धाडस होईना. दादरपर्यंत गोळी मुठीत धरून चेहरा जमेल तेवढा आजारी ठेवला. भोग सगळ्यांचे असतात हे भान मात्र लोकलमध्ये वेगळं शिकवावं लागत नाही. तिथे दुसऱ्याचं कोपर मुळातच आपल्या बरगडीत असतं.

तिसरा गृहपाठ होता लाज मोडण्याचा. एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलायची भयंकर धास्ती. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं, असा नेम केला. शंभर जणींशी बोलले. एक भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. पण धास्ती गेली. पुढे ते आपल्या रुग्णांना सांगत: केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यातून फिरवा, किंवा गाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा. लोक हसतील. हसू द्या. जीव जात नाही, एवढं कळतं.

केळं मी बाद केलं. मुलुंडच्या बाजारात केळं दोरीने ओढत नेलं तर दुसऱ्या वळणावर दोरीच्या टोकाला गाय असेल.

शनिवारी दुपारी सीएसएमटीहून स्लो पकडली. मुलुंडपर्यंत सतरा स्टेशनं. मस्जिदला तोंड उघडलं, हवा बाहेर आली. सँडहर्स्ट रोडला खोकला काढला. भायखळा मी पुकारला, पण तो फक्त मला ऐकू आला. मग चिंचपोकळी आलं. हे नाव हळू म्हणताच येत नाही. आधी गाडीतल्या बाईंनी तीन भाषांत सांगितलं, आणि चौथा मी ओरडलो, "चिंचपोकळीऽऽ!"

कानशिलं तापली. आता डबा हसणार. समोर झोपलेला एक जण दचकून उठला, "थँक्यू हां" म्हणाला आणि उतरून गेला.

करी रोड. परळ. दादरला तर माझ्यासारखे चाळीस जण ओरडत होते, माझा आवाज त्यात विरघळला. सायनला पंचाईत झाली: शीव म्हणू की सायन? दोन्ही म्हटलं. कोपऱ्यातले एक आजोबा डोळे मिटायच्या आधी म्हणाले, "विक्रोळी आलं की सांगा हं." पाठीला सॅक लावलेला मुलगा कानात ते बोंडुक खुपसता खुपसता म्हणाला, "अंकल, मला विद्याविहार." कंगवे-पिना विकणारा चक्क चिडला. "काका, धंद्याचा टाइम आहे, जरा हळू ना." कुर्ल्यानंतर कोणीतरी विचारलं, घाटकोपर कुठल्या साइडला येणार? एक म्हणाला डावीकडे, दुसरा म्हणाला उजवीकडे, तिसऱ्याने दोघांचंही शिक्षण काढलं. मी न्यायनिवाड्यात गुंतलो आणि विद्याविहार निघून गेलं.

"अंकल, सांगणार होता ना?" सॅकवाला घाटकोपरला उतरताना म्हणाला. त्याला परतीची गाडी धरायची होती.

पोटात तोच खड्डा. जिन्यातले मास्तर हजर: लाज घालवायला निघालास, तेही धड जमेना? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वाईट वाटत होतं. पोराची खरंच खोटी झाली होती. विद्याविहार, शून्य मार्क. एवढंच लिहिलं आणि वही मिटली. विक्रोळीला मात्र आजोबांच्या खांद्याला हात लावून उठवलं. कांजूर, भांडुप, नाहूर खणखणीत पुकारली. मुलुंडला उतरून टपरीवर गेलो आणि मनात म्हटलं, "काय रे बैला, चहा घेणार?" घेतला. कटिंग. मग अजून एक.

पाय दुखत होते. लिफ्टसमोर उभा राहिलो. दार उघडलं तर आत अण्णा, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून शेवग्याची शेंग बाहेर. जिना डावीकडेच होता. मी आत गेलो.

दुसरा मजला जाईपर्यंत कोणी बोललं नाही.

"त्या दिवशी सभेत रडलात तुम्ही," अण्णा म्हणाले. वॉचमनला वेळ विचारतात त्याच आवाजात.

"हो. रडलो."

"पावती सापडली का?"

"नाही सापडली, अण्णा. वाईट वाटतंय मला."

"वाटलंच पाहिजे," अण्णा म्हणाले.

मला तो 'च' लख्ख ऐकू आला. वाद घालावासा वाटला, पण तेवढ्यात लिफ्ट थांबली, दार सरकलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाचवा मजलाऽऽ!"

अण्णांनी उभा जन्म लोकलमध्ये काढलाय. त्यांनी पिशवी छातीशी धरली, अंग चोरून भिंतीला टेकले आणि घाईघाईने म्हणाले, "उतरा, उतरा."