ग्रिल-गेट करून घेताना: काटा, कॅलिपर आणि काळा माल

खिडकीचं ग्रिल असो, जिन्याचं रेलिंग असो की कंपाउंडचं फाटक, काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाला काय घेणार?" लोक फसतात ते इथेच, आणि फसवणाऱ्याला त्यासाठी खोटं बोलावंही लागत नाही. फुटाच्या दरात लांबी-रुंदी ठरते. आत लोखंड किती जाणार, हा विषयच निघत नाही.

साधा हिशोब बघा. चार बाय चार फुटांची खिडकी. चौकट आणि दोन आडव्या पट्ट्या २५ बाय ५ एमएमच्या चपट्या लोखंडी पट्टीच्या (फ्लॅट), उभे चौरस बार चार-चार इंचांवर, म्हणजे ११ नग. चार सुती (१२ एमएम) बार घातला तर ग्रिल साधारण २२ किलो भरतं. तीन सुती (१० एमएम) घातला तर साडेसतरा. रंग दिल्यावर रस्त्यावरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यात चौरस बारचं वजन बाजूच्या वर्गाने बदलतं. १० च्या नावाखाली ९ चा बार आला तर जाडी एक मिलिमीटरच कमी दिसते, पण १९ टक्के लोखंड गेलेलं असतं.

पाईपचंही तेच. एक बाय एक इंची चौरस पाईपचा सहा मीटरचा नग १४ गेजमध्ये (२ एमएम) पावणेनऊ किलोच्या आसपास, १६ गेजमध्ये (१.६) सात, १८ मध्ये (१.२) साडेपाचच्या आत. बाहेरचं माप तिन्हींचं एकच. म्हणून कापलेल्या तोंडाला कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावायचा, प्लास्टिकचा स्वस्तातलाही चालतो. मोजताना तोंडावरची बर (कापताना उरलेली खरबरीत कड) काढून मोजा, नाहीतर जाडी फुगीर दिसते.

माझं मत स्पष्ट आहे: ग्रिल आणि गेट किलोवरच ठरवावं. यावर नेहमीची तक्रार अशी, की मग फॅब्रिकेटर गरज नसताना जड माल घालतो. घालतोच. त्यावर उपाय म्हणजे कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. कुठे कोणतं सेक्शन (पाईप, बार की पट्टी, आणि माप), अंदाजे वजन किती, आणि त्याच्यावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त भरलं तर त्या वरच्या वजनाचे पैसे मिळणार नाहीत. किलोच्या दरात रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात), फिटिंग आणि वाहतूक धरली आहे की नाही, हेही तिथेच लिहा. वजन रंगाआधी आणि तुमच्यासमोर व्हायला हवं. जवळच्या भंगारवाल्याचा काटाही चालेल.

माल स्वतः आणून फक्त मजुरी देणार असाल तर कटिंग आधी मांडा. बाजारात ज्याला २० फुटी म्हणतात तो नग बऱ्याचदा सहा मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच असतो. त्यातून चार फुटांचे पाच तुकडे निघत नाहीत, चारच निघतात, आणि वर कटिंग व्हील दर कापाला दोन-अडीच मिलिमीटर खातं. उरलेले तुकडे कुणाचे, हेही आधीच बोलून घ्या. किरकोळ वाटतं, पण भांडण यावरूनच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची भेट: वर्कशॉपवर, रंगाआधी. काळा माल, म्हणजे रंग न दिलेलं काम, बघायचा. एकदा लांबी (पुट्टी) भरून रेड ऑक्साइड मारला की सगळे जोड सुंदरच दिसतात. बघायचं काय? जोड चारही बाजूंनी भरलाय की नुसते टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून सोडलाय. स्लॅग (वेल्डिंगवर जमणारी कडक खपली) हातोडीने झाडलाय का. तो राहिला तर वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालून गंज धरतो. पाईपला भोकं पडली आहेत का. १८ गेजच्या पाईपवर ३.१५ एमएमचा वेल्डिंग रॉड आणि चढा करंट लावला की पत्रा जळतो. तिथे अडीचचा रॉड हवा आणि करंट ६०-८० अँपिअरच्या आसपास. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला दमट रॉड वापरला तर जोडात बारीक छिद्रं दिसतात. पाईपची तोंडं उघडी ठेवू देऊ नका, टोपी वेल्ड करून घ्या. पाणी आत गेलं की पाईप आतून सडतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

गेट असेल तर टेपने दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे गेट गुण्यात (काटकोनात) नाही. एक कोपरा पूर्ण वेल्ड करून मग दुसऱ्याकडे गेलं की उष्णतेने चौकट खेचली जाते. आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग समोरासमोर आलटून पालटून. तिरका आधार बिजागरीच्या बाजूला खाली सुरू होऊन कडीच्या बाजूला वर जायला हवा. उलटा लावलेला सर्रास दिसतो. आतली जमीन चढाची असेल तर गेट उघडताना कुठे टेकेल, हे मापं घेतानाच बघा.

फिटिंगला भिंत कशाची आहे ते सांगा. एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटेत) साधा अँकर फास्टनर (भिंतीत फुगून धरणारा बोल्ट) धरत नाही; आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) लागतो. घरातल्या किमान एका ग्रिलला आतून उघडणारी, माणूस बाहेर पडेल एवढी झडप ठेवा आणि किल्ली कुठे आहे ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या. आग लागली तर ग्रिल कापत बसायला वेळ नसतो.

एक गोष्ट मात्र ग्राहकांनाही सुनावली पाहिजे. तीन ठिकाणी दर काढून सर्वात खालच्याला आणखी पाडायचं आणि मग पातळ मालाबद्दल बोंब मारायची, हे बरोबर नाही. त्या पैशांत तेवढंच लोखंड बसतं. मालासाठी निम्मा ॲडव्हान्स द्या, पण शेवटचे दहा टक्के फिटिंग आणि टचअप होईपर्यंत हातात ठेवा.

कामाच्या दिवशी काचा आणि टाईल्स ओल्या गोणपाटाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, नंतर तिथे तपकिरी ठिपके येतात आणि ते पुसून जात नाहीत. मशीनची वायर १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कोंबू देऊ नका. वेगळ्या एमसीबीवरून सप्लाय द्या. अर्थिंगचा क्लॅम्प थेट जॉबवरच, म्हणजे वेल्ड होणाऱ्या लोखंडावर, लागला पाहिजे, नळाच्या पाईपला नाही. आणि मुलांना गच्चीतून वेल्डिंग बघू देऊ नका. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.