डाइकमधल्या मॅग्माचं तापमान कुणी मोजलं? अमळनेरच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली, उत्तर खालीच टाकणार होतो पण लिहिता लिहिता इतकं लांबलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धुळे-नंदुरबारच्या डाइकांवर मी लिहिलं होतं, म्हणजे साक्रीकडं जाताना कपाशीच्या शेतांमधून मधेच काळ्या दगडाची पूर्व-पश्चिम रांग वर आलेली दिसते ना, त्यावर. जमिनीला भेग पडली, त्यात मॅग्मा घुसला आणि तिथंच थिजला, त्याची ती भिंत. हा मॅग्मा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा असणार आणि दगडातल्या खनिजांवरून ते काढता येतं असं मी म्हटलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथं थर्मामीटर घेऊन कोण उभं होतं? हवाईतल्या दगडांवर बसवलेली सूत्रं खान्देशाच्या दगडाला कशी चालतात? स्फटिक आणि मॅग्मा यांच्यात समतोल होता, म्हणजे दोघांच्या रचनेचा ठरलेला मेळ होता, हे गृहीत कशावरून धरता, आणि मॅग्मा किती खोल साठला होता याबद्दल तर दोन सूत्रं दोन उत्तरं देतात. शेवटी अहिराणीत टोला, "हाई काय ज्योतिष शे का भाऊ?" टोला आवडला. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलेल्या माणसानं विचारलंय म्हटल्यावर उत्तरही जरा केमिस्ट्रीतच देतो, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

थर्मामीटर घेऊन साक्रीला कुणी नव्हतं हे खरंच, पण हवाईत होतं. १९५९ साली किलाउएआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा किलाउएआ इकी नावाच्या खड्ड्यात शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं. वरून ते थिजलं, आत मात्र वितळ, म्हणजे वितळलेला दगडच होता, आणि लोकांनी त्या कवचावर उभं राहून ड्रिल मारले आणि पुढं कितीतरी वर्षं मारत राहिले. जवळच्याच माकाओपुही खड्ड्यात १९६५ मध्ये असंच तळं झालं, तिथं तर ड्रिलच्या भोकात थर्मोकपल (तापमान मोजायची तारांची जोडी) सोडून तापमान घेतलंय. म्हणजे बेसाल्ट किती अंशाला वितळ असतो, किती अंशाला त्यात कोणतं खनिज यायला लागतं, हे जिवंत लाव्हावर बघितलेलं आहे, कागदावर बसून ठरवलेलं नाही.

मग १९८७ मध्ये हेल्झ आणि थॉर्नबर यांनी त्या किलाउएआ इकीचेच नमुने भट्टीत ठराविक तापमानाला धरले, एकदम गार केले आणि जी काच झाली तिच्यात मॅग्नेशियम ऑक्साइड किती टक्के ते मोजलं. आपल्याकडं गुऱ्हाळावर गुळव्या कढईतला रस पळीभर गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो, तोच प्रकार, फरक एवढाच की इथं प्रत्येक पळीचं तापमान आधी माहीत असतं आणि नंतर गोळीवरून उलटं तापमान सांगायचं असतं. सूत्र इतकं साधं निघालं की दहावीचं पोरगंही करेल. काचेतलं मॅग्नेशियम ऑक्साइड टक्क्यात घ्या, २०.१ ने गुणा, १०१४ मिळवा, झालं. ७ टक्के असेल तर ११५५ अंश, ६ असेल तर ११३५. मोजण्यात ०.१ टक्का चुकलात तरी उत्तर दोनच अंशांनी हलतं, आणि सूत्राची स्वतःची चूक धरली तरी दहाएक अंशांच्या आतबाहेर. माझ्या मते ज्योतिषात न बसणारी पहिली गोष्ट हीच, चूक किती होऊ शकते हे आधीच सांगितलेलं असतं.

आता हवाईचं सूत्र खान्देशाला का, हा प्रश्न मात्र बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. ते कुठल्याही दगडाला चालत नाही. ग्रॅनाइटला लावलं तर उत्तर येईल पण त्याला अर्थ नसेल. ते थोलीआइट जातीच्या बेसाल्टसाठी, ज्यात ऑलिव्हिन (लोह-मॅग्नेशियमचं हिरवट खनिज) आहे अशासाठी आणि पृष्ठभागाजवळच्या कमी दाबासाठी आहे. दख्खनचा बहुतेक बेसाल्ट थोलीआइटच, म्हणून ते अंदाज घ्यायला वापरतात, आणि लगेच दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघतात. खरी अडचण सूत्राची नाहीच, मॅग्नेशियमचा आकडा घ्यायचा कुठला ही आहे. पाहिजे वितळाचा, आणि आपल्या हातात तर पूर्ण थिजलेला दगड.

इथं डाइकची कड कामाला येते. कधी खडी क्रशरच्या खाणीत डाइक आडवी कापलेली दिसली तर मधला आणि कडेचा असे दोन तुकडे हातात घेऊन बघा. मधला तुकडा भरड असतो, भिंग लावलं की प्लॅजिओक्लेज या कॅल्शियम-सोडियमवाल्या खनिजाच्या पांढरट काड्या इकडंतिकडं पडलेल्या स्पष्ट दिसतात, मधे मधे ऑगाइट या दुसऱ्या खनिजाचे काळे दाणे. कड मात्र बोटभर अंतरात इतकी बारीक होत जाते की भिंगातही दाणा दिसत नाही, कारण मॅग्मा गार खडकाला टेकला आणि स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. वितळ जसा होता तसा जिथं धरला गेला ती जागा ही. मधला दगड अख्खा दळून मॅग्नेशियम काढलं आणि त्यात खालून वाहून आलेले ऑलिव्हिनचे दाणे गोळा झालेले असले तर मॅग्नेशियम जास्त येणार आणि तापमान उगाच चढणार. अशी उत्तरं छापून आलेली असतात, त्यांच्यावर तुम्ही शंका घेतलीत तर मी तुमच्याच बाजूनं.

बरं, आता समतोल. सर, तुम्ही म्हणता कोट्यवधी वर्षांत सगळं बदललं नसेल कशावरून. याचं उत्तर तुम्हीच वर्गात शिकवलंय, अऱ्हेनियस. स्फटिकाच्या आत अणू सरकण्याचा वेग तापमान उतरलं की घातांकी पद्धतीनं पडतो. हजार-अकराशे अंशांना ऑलिव्हिनमधलं लोह आणि मॅग्नेशियम दिवसांत-वर्षांत जागा बदलतात, आणि दगड गार झाला की मग कोट्यवधी वर्षं थांबा, काही हलत नाही. प्लॅजिओक्लेज तर त्याहून हट्टी, कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियम आणि सोडियम-सिलिकॉनची जोडी एकदम बदलावी लागते म्हणून त्यातले थर जसेच्या तसे टिकतात, मध्यभागी कॅल्शियम जास्त, कडेला सोडियम जास्त. एकाच दाण्यात मॅग्मा गार होत गेल्याची नोंद. म्हणून आता कुणी अख्ख्या दाण्याचं एक तापमान सांगत नाही, केंद्राचं वेगळं आणि कडेचं वेगळं सांगतात.

आणि समतोल होता असं नुसतं गृहीत धरत नाहीत, तपासतात. १९७० मध्ये रोडर आणि एम्स्ली यांनी दाखवलं की ऑलिव्हिन आणि वितळ समतोलात असतील तर ऑलिव्हिनमधलं लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर भागिले वितळातलं गुणोत्तर हे साधारण ०.३० येतं, ०.०३ इकडंतिकडं, आणि तापमान बदललं तरी ते फारसं हलत नाही. म्हणजे वितळात लोह आणि मॅग्नेशियमचे अणू समसमान असतील तर ऑलिव्हिनमध्ये दर १०० मागे ७७ मॅग्नेशियमचे निघायला पाहिजेत. निघाले ८५, तर तो दाणा या वितळाचा नाही, आधीच्या जास्त मॅग्नेशियमवाल्या मॅग्म्यातून वाहत आलेला पाहुणा, त्याच्यावरून तापमान काढायचं नाही. जोडी रद्द. आपल्याकडं आणखी एक भानगड अशी की बऱ्याच बेसाल्टमधलं ऑलिव्हिन खराब झालेलं असतं. पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की भेगाभेगांतून तांबूस तपकिरी रंग उतरलेला दिसतो. असा दाणा मायक्रोप्रोबमध्ये (इलेक्ट्रॉनच्या किरणानं दाण्याची रचना मोजणारं यंत्र) घालूच नये, आकडा येईल पण तो नंतरच्या पाण्यानं केलेल्या बदलाचा असेल. पत्रिका कधी सांगते का की माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून? इथं निम्मं काम आकडे फेकून देण्याचंच असतं.

आकडे जुळवणं म्हणून तुम्ही हिणवलंत त्यावर एवढंच, सूत्रातले गुणक प्रयोगांवर बसवलेले असतात हे मान्य, पण खाली थर्मोडायनॅमिक्स असतं. बोवेननं १९१३ मध्ये प्लॅजिओक्लेज वितळवून आलेख काढला, आजच्या मोजमापानं शुद्ध अल्बाइट (त्याचं सोडियमवालं टोक) १११८ अंशांना वितळतं आणि शुद्ध अनॉर्थाइट (कॅल्शियमवालं टोक) १५५३ ला, आणि मधल्या प्रत्येक तापमानाला वितळाची आणि स्फटिकाची रचना ठरलेली. पुढचं सगळं त्याचंच वाढलेलं कुटुंब, खऱ्या मॅग्म्यात लोह आलं, मॅग्नेशियम आलं, पाणी आलं, म्हणून गुणक वाढले. आणि ही सूत्रं एकमेकांवर अवलंबून नाहीत हे महत्त्वाचं. ऑलिव्हिन-वितळ वेगळी केमिस्ट्री, प्लॅजिओक्लेज-वितळ वेगळी, आणि दख्खनच्या दगडात ऑगाइटबरोबर पिजनाइट सापडलं तर दोन पायरॉक्सिनांचा (ही दोन्ही खनिजं त्याच कुळातली) तिसराच हिशोब, त्यात तर वितळाची रचना लागतच नाही. तिन्ही चाळीस-पन्नास अंशांच्या आत आले तर मी मानतो. नाही आले तर काहीतरी चुकलंय, बहुतेक समतोल नव्हता.

आता खोली. इथं तुमचं आणि माझं भांडणच नाही सर, म्हणून तर लेखात मी किलोमीटरचा आकडा दिला नव्हता, नुसतं "उथळ" लिहिलं होतं. कारण ऐका. तापमान बदललं की खनिजं पटकन बदलतात, दाब बदलला की जेमतेम. दाबासाठी जास्त करून ऑगाइट वापरतात, दाब वाढला की त्यात जेडाइटचा भाग, म्हणजे सोडियम आणि अ‍ॅल्युमिनियम, थोडा जास्त शिरतो, कारण तो असा आत बसला की आकारमान कमी होतं. तत्त्व झकास. पण कमी दाबाच्या ऑगाइटमध्ये सोडियम ऑक्साइड असतंच किती, बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. मायक्रोप्रोबचा किरण एक-दोन मायक्रॉनवर पडतो, त्यात सोडियम आधीच कमी, त्यामुळं मोजणीतली थोडीशी खालीवर सुद्धा उत्तराला मोठा झटका देते. पुटिर्का यांची २००८ सालची सूत्रं सगळे वापरतात, त्यांची दाबातली चूक काही किलोबारची आहे. समजा दोन किलोबार उत्तर आलं आणि चूक तीन किलोबारची. एक किलोबार म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर खडक. मग खोली शून्यापासून सतरा किलोमीटरपर्यंत काहीही असू शकते. मधेच उणे एक किलोबार असंही उत्तर येतं, म्हणजे मॅग्म्याची टाकी जमिनीच्या वर हवेत लटकलेली! २०२३ मध्ये पेनी वीझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सविस्तर दाखवलं की वेगवेगळ्या खोलीवरच्या मॅग्म्याच्या टाक्या म्हणून जे छापलं जातं त्यातला बराचसा पसारा निव्वळ मोजणीच्या चुकीतून येऊ शकतो. त्यामुळं कुणी चार दाण्यांवरून "६ किमीवर एक आणि ११ किमीवर दुसरी टाकी" असं ठासून सांगितलं तर तुमची पत्रिकेची उपमा त्याला बिनधास्त द्या.

तरी "उथळ" लिहायला माझ्याकडं कारण आहे. ऑलिव्हिन, प्लॅजिओक्लेज आणि ऑगाइट तिन्ही एकाच वेळी वितळातून येत असतील तर त्या वितळाची रचना दाबानुसार सरकते, दाब वाढला की ऑगाइट लवकर यायला लागतं. यांग, किन्झलर आणि ग्रोव्ह यांनी १९९६ मध्ये त्याचं गणित बसवलंय आणि त्यात ऑगाइटमधलं ते चिमूटभर सोडियम मोजत बसावं लागत नाही. दख्खनच्या नेहमीच्या थोलीआइटचा बराच भाग अशा हिशोबात कमी दाबाकडं जातो. किलोमीटर मात्र मी अजूनही लिहिणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला, जळगावच्या खाणींत एवढे सुंदर स्फटिक निघतात, त्यांच्यावरून का नाही काढत? कारण ते मॅग्म्याचे नाहीतच. अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही मंडळी मांजऱ्या दगडातल्या वायूच्या पोकळ्यांत मागाहून आली, दगड थिजल्यावर त्यातून फिरणाऱ्या गरम पाण्यानं आणली. त्यांच्या रचनेतच पाणी आहे, अकराशे अंशांना ती टिकणार कशी, फार तर शे-दोनशे अंशांची गोष्ट. पण त्यांचा वेगळा उपयोग आहे. पूर्व आइसलँडमध्ये जॉर्ज वॉकर यांनी १९६० मध्ये बेसाल्टच्या थरांमधले झिओलाइटचे (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट याच गटातली) पट्टे नकाशावर मांडले, कुठल्या उंचीला कुठलं झिओलाइट ते, आणि त्यावरून लाव्हाच्या थराचा मूळ माथा कुठं होता, वरचा किती दगड झिजून गेला याचा अंदाज काढला. तेव्हा मॅग्म्याचं तापमान जळगावच्या खाणीत शोधू नका, पण खान्देशाच्या डोक्यावरून किती बेसाल्ट वाहून गेला हे कुणाला काढायचं असेल तर त्यानं त्या खाणींपासूनच सुरुवात करावी.