‘कारखाना बंद झाला, आता काही मिळत नाही’: अ‍ॅस्बेस्टॉसच्या त्या मेसेजला उत्तर

निवृत्त कामगारांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज गेल्या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. ‘खरं आहे का हो हे?’ असं तिघांनीही विचारलं. मेसेज थोडक्यात असा: आपल्याकडे वापरतात ते पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस (पत्र्यात, ब्रेकमध्ये घालतात ते तंतुमय खनिज), त्याने काही होत नाही. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग, हा परदेशातला आजार, आपल्याकडे छाती बिघडते ती विडी-सिगारेटने. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कामाचा दावा आज लागत नाही आणि कारखाना बंद झाला असेल तर विषयच संपला. अमेरिकेत मात्र अशा रुग्णांसाठी कोट्यवधी डॉलर ठेवलेत, खालच्या लिंकवर आधार आणि बँक खात्याचा नंबर भरा.

एकेक मुद्दा घेते. माझे मामा मेसोथेलिओमानेच गेले, तेव्हा हे मी त्रयस्थपणे लिहीत नाही.

‘पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस निर्धोक.’ पांढरं म्हणजे क्रिसोटाइल. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार माणसात कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात धरते, पांढरंही त्यातच. ब्रिटनने १९९९ मध्ये ते बंद केलं. कॅनडा वर्षानुवर्षं ते आपल्याला विकत होता, त्यानेही २०१८ मध्ये स्वतःकडे बंदी घातली. मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे: छपरावरच्या धड पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, त्यामुळे घरात बसल्या बसल्या घाबरून जायचं कारण नाही. पण कामगार काही पत्र्याखाली झोपलेला नव्हता. तो गोणी फोडत होता, पत्रा कापत होता, ब्रेक लायनिंग घासत होता, बॉयलरच्या पाइपावरची जुनी दोरी ओरबाडून काढत होता. तंतू सुटतो तिथे.

मामांचं काम हे शेवटचं. १९७१ ते २००३, ठाणे जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात, मेंटेनन्सला. वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, वरून लेप द्यायचा, शटडाउनला तेच सगळं हातोडीने फोडायचं. तोंडाला रुमाल. घरी आले की मामी त्यांचा शर्ट गॅलरीत झटकायची आणि मग बादलीत टाकायची. ती धूळ कशाची, हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

‘हा परदेशातला आजार.’ दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप भागातल्या ३३ रुग्णांची नोंद वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये छापली, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचं नातं जगापुढे आलं. त्यातले काही जण खाणीत कधी उतरलेही नव्हते, नुसते आसपास राहिले होते. तंतू माणसाचा देश बघत नाही. आपल्याकडे हा आजार दिसत नाही, कारण तो शोधलाच जात नाही. धूळ छातीत गेल्यावर आजार दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. तिथे दम लागतो, एका बाजूला दुखतं, डॉक्टर म्हणतात छातीत पाणी झालंय. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण पाणी काढलं, टीबीची औषधं सुरू केली, तरी पुन्हा पुन्हा भरतंय, तेव्हा ‘पूर्वी काम काय करत होता?’ हा प्रश्न यायला हवा. मामांना तो सात महिन्यांत कोणी विचारला नाही. दुसऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली. तिचा रिपोर्ट हातात आला त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं? हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते. त्या एका ओळीमुळे पुढे सगळं अडतं, म्हणून दाखला हातात घेताना मूळ आजाराचं नाव त्यावर आहे की नाही ते पाहा आणि नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांशी बोला.

विडी-सिगारेटचं लवकर आटोपते. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, हे खरं. मेसोथेलिओमा हा वेगळा आजार, फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा, आणि त्याचा धूम्रपानाशी संबंध आढळलेला नाही. कोणी तुमचा कागद ‘विडी ओढायचे ना?’ म्हणून बाजूला सारला, तर हे ठामपणे सांगा.

आता ज्या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं तो: ‘जुना दावा लागत नाही.’ मामीला हेच सांगितलं गेलं. नोकरी सोडून अकरा वर्षं झाली, आता कसली भरपाई? तिने मान हलवली, आम्हीही हलवली.

कायदा असं म्हणत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी आहे. ‘ब’ भागात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, ‘क’ भागात अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे त्या धुळीने फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. ‘ब’ भागातल्या आजारासाठी त्या मालकाकडे अशा कामात सलग सहा महिने काढलेले पुरतात. नोकरी सुटल्यानंतर आजार झाला, पण तो त्या कामामुळेच झाला हे सिद्ध केलं, तर तो कामावरचा अपघातच धरायचा, असं कलम ३ मध्ये लिहिलेलं आहे. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ती धूळ खाल्लेल्या दिवसापासून मोजत नाहीत. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. आणि उशिराला सबळ कारण असेल तर हे दावे ऐकणारे आयुक्त उशिरा आलेला अर्जही दाखल करून घेऊ शकतात. हे कलम आम्हाला कळलं तेव्हा मामांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

पैसे किती, हेही उघड बोललेलं बरं. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. ६५ आणि पुढच्या वयाला तो ९९.३७. हिशोबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७,४५,२७५. पण शेवटचा पगार दोन हजार असलेल्या जुन्या कामगाराचा हिशोब एक लाखाच्याही आत येतो आणि मग किमान १,२०,००० वर थांबतो. आयुष्याची ही किंमत मला मान्य नाही. तरीही ते मामीच्या हक्काचे पैसे होते.

ज्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पगारातून कापलं जात होतं त्यांचा रस्ता वेगळा: दावा राज्य विमा महामंडळाकडे, आजाराचा निर्णय विशेष वैद्यकीय मंडळाकडे. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. इथेच ‘कारखाना बंद’ या मुद्द्यातली हवा निघते, कारण पैसे महामंडळ देतं, मालक नव्हे. ईएसआय नसेल आणि मालक दिवाळखोर झाला असेल, तरी त्याने विमा उतरवला असल्यास कामगाराचा हक्क विमा कंपनीवर चालतो. ठेकेदाराकडे होतात? मुख्य मालकावर दावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेलेत, व्यावसायिक आजारांची यादी तिथेही आहे. तुमचं प्रकरण जुन्यात बसतं की नव्यात, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकालही सोबत ठेवा. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली होती. न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर जपायची, असा आदेश दिला. तुमची नोंद लेखी मागा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, दाव्यात उपयोगी पडतं.

एका माणसाला मात्र या कायद्यात जागा नाही: शर्ट झटकणारी मामी. ती कर्मचारी नव्हती. उद्या तिच्या छातीत पाणी भरलं तर तिच्यापुढे दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो.

राहिली अमेरिकेची लिंक. तिथले निधी खरे आहेत. जॉन्स-मॅनव्हिल ही कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्यातून तसा निधी उभा राहिला. पण ज्या कंपनीचा निधी, तिच्या मालाशी तुमचा संबंध दाखवावा लागतो. आधार नंबर भरून डॉलर येत नाहीत. त्या लिंकवर काहीही भरू नका.

परदेशी धागा काही जणांचा खरोखर आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स या अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीत काम करणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये, ३३ व्या वर्षी, धुळीने भरलेल्या फुप्फुसांनी मेली आणि कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच घराण्यातल्या टर्नर अँड नेवॉलचा हात पुढे मुलुंड आणि घाटकोपरच्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांपर्यंत पोचला. तिथल्या जुन्या कामगारांनी त्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या ट्रस्टकडे विचारणा करण्यात अर्थ आहे. रत्नागिरीकडचे जे लोक परदेशी बोटींवर इंजिनरूमला होते, त्यांनी आपलं सीडीसी पुस्तक (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) फेकू नये. कोणत्या बोटीवर, कधीपासून कधीपर्यंत, हे त्यात शिक्क्यासकट असतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. रात्री एका काकांचा फोन आला. १९७८ चा गेटपास सापडलाय, कडा झिजल्यात, लॅमिनेट करून घेऊ का? म्हटलं, काका, नको, मागच्या बाजूला टाइमकीपरची सही असेल. आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि उद्या छातीच्या एक्स-रेसकट घेऊन या.