परतफेडीच्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष

सूक्ष्म कर्जांची, म्हणजे सूक्ष्म वित्त कंपन्या महिलांच्या गटांना देतात त्या लहान कर्जांची, परतफेड जवळपास पूर्ण होते, त्याअर्थी कर्जदार महिलांचे उत्पन्न वाढले असले पाहिजे, हा आपल्याकडील लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. आमच्या भागात गटातील प्रत्येक महिला दुसरीला जामीन असते, एकीचा हप्ता अडला तर बैठक उठत नाही, आणि चारचौघींत मान खाली जाऊ नये म्हणून प्रसंगी डोरले गहाण ठेवून किंवा दुसऱ्या कंपनीचे कर्ज उचलून हप्ता भरला जातो. आमच्या शेजारच्या वहिनींनी म्हैस घेतली; दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येत होता तोवर निभावले, पण म्हैस आटली तरी आठवड्याचा हप्ता थांबला नाही. आंध्र प्रदेशातही २०१० मध्ये सूक्ष्म कर्जांची परतफेड कोलमडली, त्या संकटापूर्वी परतफेडीचे आकडे उत्तमच होते.

माझा सूक्ष्म वित्ताला विरोध नाही. नाबार्ड या शेती व ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गट-बँक जोडणीत आधी बचत, मग त्याच बचतीतून सदस्यांना अंतर्गत कर्ज आणि त्यानंतर बँकेचे कर्ज असा क्रम असतो, शिवाय अंतर्गत कर्जावरचे व्याज गटातच राहते. कंपन्यांची कर्जे आणि बचत गट यांतील या फरकाचा लेखात उल्लेखही नाही. मासिक हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे बंधन आहे, परंतु शेतमजुराच्या घरात हंगामाचे आणि रिकामे महिने सारखे नसतात, त्यामुळे हप्त्यांचे वेळापत्रक उत्पन्नाच्या चक्राशी जुळवणे मला व्याजदराइतकेच महत्त्वाचे वाटते.